आधी पडायला शिका : मेइको सातोमुरांच्या तीस वर्षांबद्दल वाचकांचे प्रश्न

जपानच्या व्यावसायिक पैलवान मेइको सातोमुरा २९ एप्रिल २०२५ रोजी तोक्योच्या कोराकुएन हॉलमध्ये शेवटची लढत खेळून निवृत्त झाल्या. त्यांच्याबद्दल आणि एकूणच जपानी महिलांच्या व्यावसायिक कुस्तीबद्दल वाचकांचे बरेच प्रश्न आले. त्यांतले सारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरं दिली आहेत. जपानीत या खेळाला ‘जोशी पुरोरेसु’ म्हणतात. जोशी म्हणजे मुली किंवा बायका. आपल्याकडच्या आडनावाशी त्याचा काही संबंध नाही, हेही एका वाचकांनी विचारलं होतं म्हणून सांगून टाकतो.

प्रश्न : सातोमुरांची कारकीर्द थोडक्यात सांगाल का? नाव ऐकलंय, पण नेमकं काय केलं ते माहीत नाही.

जन्म १९७९ चा, निइगाताचा. शाळेत ज्युदो. १५ एप्रिल १९९५ ला, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षी, ‘गाइया जपान’ या नव्या कंपनीच्या पहिल्याच कार्यक्रमात त्या रिंगमध्ये उतरल्या. कंपनी तेव्हाच्या गाजलेल्या पैलवान चिगुसा नागायो यांची. त्या दिवशीच्या नवख्या मुलींचं काम पाहून कुस्तीची मासिकं चक्रावली आणि ‘थक्क करणाऱ्या नवख्या’ असं बिरूद त्यांना चिकटलं. डिसेंबर २००१ मध्ये सातोमुरांनी आजा काँगसारख्या धिप्पाड आणि अनुभवी पैलवानाला हरवून गाइयाचा मुख्य पट्टा, म्हणजे विजेतेपद, घेतला.

एप्रिल २००५ मध्ये गाइया बंद पडली. सातोमुरांनी उत्तरेकडच्या सेंदाई शहरात पैलवान जिनसेइ शिन्झाकी यांच्याबरोबर ‘सेंदाई गर्ल्स’ उभी केली. तिचा पहिला कार्यक्रम जुलै २००६ मध्ये झाला. मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीने तो सगळा भाग उद्ध्वस्त केला आणि त्याच वर्षी कंपनीची सूत्रं सातोमुरांनी स्वतःकडे घेतली. २०१५ मध्ये त्यांनी स्टारडम कंपनीचा लाल, म्हणजे मुख्य पट्टा जिंकला, २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या मे यंग क्लासिक स्पर्धेत उपांत्य फेरी गाठली आणि जून २०२१ मध्ये के ली रेला हरवून एनएक्सटी यूके या डब्ल्यूडब्ल्यूईच्या ब्रिटनमधल्या शाखेच्या विजेत्या झाल्या. जुलै २०२४ मध्ये निवृत्ती जाहीर केली आणि पुढच्या एप्रिलमध्ये ती घेतली.

यात एक गोष्ट सहज निसटते. तीस वर्षांत त्या ज्या कंपनीत होत्या ती एकदा बंद पडली आणि दुसरी जवळजवळ शून्यातून उभी करावी लागली. पट्ट्यांची यादी वाचून हे कळत नाही.

प्रश्न : निकाल आधीच ठरलेला असतो म्हणतात. मग ही कुस्ती म्हणायची की नाटक?

निकाल ठरलेला असतो, हे आता कुणी लपवत नाही. वजन मात्र खरं असतं. सत्तर किलोची बाई खांद्यावरून खाली येते तेव्हा ती सत्तर किलोनेच येते. लाकडी फळ्यांवर पातळ गादी, वर कॅनव्हास आणि खाली लोखंडी सांगाडा, एवढंच रिंगच्या पोटात असतं. ट्रॅम्पोलिन नसतं. आपटल्यावर जो धडाम आवाज येतो तो फळ्यांचा असतो.

एक तपशील या प्रश्नाशी जोडलेला आहे. १९६८ ते २००५ चाललेली ‘ऑल जपान विमेन्स’, म्हणजे ‘झेन्जो’, ही या खेळातली सर्वांत मोठी कंपनी. तिथे नवख्या मुलींच्या लढती ‘ओसाएकोमि’ पद्धतीने होत. प्रतिस्पर्ध्याचे खांदे पंच तीन मोजेपर्यंत चटईला टेकवून धरले की लढत जिंकली. डाव दाखवायचे, पण शेवटी हे खांदे टेकवताना खरी झटापट करायची; जिचा जोर जास्त ती जिंकणार. कोण वर जाणार याचा निर्णय कंपनीने असा काही अंशी चटईवरच सोडला होता. तेव्हा ‘खरं की खोटं’ असे दोनच कप्पे करून हा विषय समजत नाही.

प्रश्न : पंधरा वर्षांच्या मुलीला घेतात कसं? तालमीत काय करून घेतात?

आधी लेखी अर्ज, फोटो आणि अल्पवयीन असेल तर पालकांची संमती. मग शारीरिक चाचणी. ती उतरली की मुलगी ‘रेन्शूसेइ’ होते, म्हणजे शिकाऊ. पदार्पणाआधी बहुतेक ठिकाणी ‘प्रोटेस्ट’ नावाची आणखी एक परीक्षा असते. ‘प्रोफेशनल टेस्ट’चं ते जपानी रूप, निषेधाशी संबंध नाही. आपण पास होऊ की नाही हे मुलीला महिनोन्‌महिने माहीत नसतं.

तालमीची सुरुवात बैठकांनी होते. जपानी पैलवान त्यांना ‘हिंदू स्क्वॉट’ म्हणतात आणि त्या आपल्याच बैठका आहेत : टाचा उचलून, हात मागून पुढे झोकत. मोजणी शेकड्यांत होते. जुन्या तालमींत सलग पाचशे बैठका म्हणजे नवल नव्हतं. पाठोपाठ दंड, पोटाचे व्यायाम आणि मानेचा पूल. पूल म्हणजे पाठीवर पडून, डोकं आणि पाय एवढ्यावरच अंग उचलून धरायचं. आधी हातांचा आधार घेऊन, मग हात छातीवर बांधून. हा व्यायाम शोभेचा नाही. जर्मन सुप्लेक्समध्ये प्रतिस्पर्ध्याला कमरेला विळखा घालून मागे फेकल्यावर त्याच पुलावर तीन आकडे होईपर्यंत टिकायचं असतं, दोघींचं वजन मानेवर घेऊन. मान कच्ची असेल तर पूल दुसऱ्या आकड्याला कोसळतो, आणि तोही स्वतःच्याच मणक्यावर.

मग दोर. रिंग सुमारे सहा मीटर चौरस. एका दोरापासून समोरच्या दोरापर्यंत तीन पावलांत पोचायचं, वळायचं, पाठ दोरावर टाकायची आणि त्याच वेळी एका हाताने वरचा दोर धरायचा. हात न धरता पाठ टाकली आणि दोर सैल असला तर माणूस सरळ बाहेर जातो. जपानी रिंगचे दोर बहुधा तारेचे असतात, वर रबरी नळी आणि टेप. पहिले काही आठवडे मुलींच्या काखेखाली आणि पाठीवर आडवे निळे वळ असतात. पावलं चार झाली तर वळताना चुकीचा पाय पुढे येतो आणि सगळी लय मोडते, म्हणून हे पाऊल मोजणं डोक्यात इतकं भिनवतात की पुढे मोजावं लागत नाही.

याखेरीज घरकाम. रिंग लावणं आणि काढणं, थोरल्यांच्या बॅगा उचलणं, कपडे धुणं, स्वयंपाक, आणि कार्यक्रम चालू असताना ‘सेकंड’ म्हणून रिंगच्या कडेला उभं राहणं. यातलं शेवटचं काम सर्वांत महत्त्वाचं. रोज सात-आठ लढती चार फुटांवरून पाहिल्या की कोण कधी श्वास घेते, पंच कुठे उभा राहतो, प्रेक्षक कधी गप्प होतात, हे आपोआप कळायला लागतं. बाकीच्या कामांत शिस्तीच्या नावाखाली बराच छळही चालायचा आणि त्याचं कौतुक करण्यासारखं काही नाही.

पदार्पण झाल्यावरही मुलीला सगळे डाव वापरू देत नाहीत. साधा एकरंगी पोशाख, आणि उचलून आपटणारा बॉडीस्लॅम, उडी मारून दोन्ही पायांनी मारायची ड्रॉपकिक, कोपराचा फटका, पाय मुडपून कंबर वाकवणारी बोस्टन क्रॅब, एवढ्यावर महिनोन्‌महिने काढायचे. सातोमुरांच्या सेंदाईतही हीच वहिवाट राहिली. चिहिरो हाशिमोतो ही त्यांची शिष्या हौशी कुस्तीतून आली, अंगात ताकद भरपूर. तरी पाया तोच.

प्रश्न : ‘उकेमि’ म्हणजे काय? प्रत्येक लेखात हा शब्द येतो.

उकेमि म्हणजे पडण्याची विद्या. शब्दशः अर्थ ‘अंगावर घेणं’. शब्द ज्युदोतला. सातोमुरा ज्युदोतून आल्या, तेव्हा अर्धं शिक्षण घरूनच घेऊन आल्या असं म्हणता येईल. अर्धंच, कारण ज्युदोत पडणं बहुधा कुशीवर आणि एका हाताने चटईवर थाप मारत असतं. इथे उंचावरून, सपाट पाठीवर, लढतीत वीस-वीस वेळा पडायचं असतं आणि लगेच उठून पुढचं काम करायचं असतं.

मागे पडण्याची रीत अशी. उकिडवं बसून सुरुवात करायची. हनुवटी छातीला चिकटवायची. जपानी प्रशिक्षक सांगतात, ‘बेंबीकडे बघ’. ही एक सूचना दिवसातून शंभरदा ऐकू येते, कारण मान मागे गेली की डोक्याची मागची बाजू सर्वांत आधी आपटते. मग मागे लवंडायचं आणि पाठीचा वरचा रुंद भाग, म्हणजे दोन्ही खांद्यांच्या पात्यांमधला भाग, टेकवायचा. त्याच क्षणी दोन्ही हात अंगापासून साधारण ४५ अंशांवर पसरून तळव्यांनी आणि बाहूंनी जोरात थाप द्यायची. आघात एका ठिकाणी न बसता पसरतो तो या थापेमुळे. आणि तोंडातून श्वास सोडायचा. श्वास धरून पडलं की छातीतली हवा एकदम दाबली जाते आणि पुढचे दहा-पंधरा सेकंद माणसाला श्वासच घेता येत नाही.

उकिडवं जमलं की अर्धवट उभं, मग पूर्ण उभं, मग कुणी ढकलून, मग खांद्यावरून. यातली एकही पायरी गाळत नाहीत. गाळलेली पायरी सहा महिन्यांनी दवाखान्यात भेटते.

चुका ठरलेल्या आहेत. पहिली, पडताना हात मागे टेकणं. ही माणसाची उपजत सवय, आणि मनगट किंवा कोपर मोडण्याचं हेच मुख्य कारण. दुसरी, कमरेवर बसल्यासारखं पडणं. माकडहाड आणि कंबर कायमची धरते. तिसरी, हात फार वर, खांद्याच्या रेषेत पसरणं. थापेचा धक्का सरळ खांद्याच्या सांध्यात जातो. चौथी सर्वांत अवघड : घाबरून अंग ताठ करणं. ताठ अंग फळीसारखं आपटतं. सैल अंग मात्र धक्का वाटून घेतं. ही चूक सांगून जात नाही, ती हजार वेळा पडूनच जाते.

आता सातोमुरांचाच एक डाव घ्या, जपानमध्ये ज्याला ‘डेथ व्हॅली बॉम्ब’ म्हणतात. हा डाव एत्सुको मिता यांनी आणला असं मानतात. प्रतिस्पर्ध्याला दोन्ही खांद्यांवर आडवं उचलायचं, पोतं उचलतात तसं, आणि डोक्याच्या बाजूला कलंडत स्वतःसकट खाली आणायचं. बघणाऱ्याला वाटतं की वर उचललेली डोक्यावर पडली. प्रत्यक्षात ती खांद्यावर आणि वरच्या पाठीवर यायला हवी. त्यासाठी उचलणारीने कलंडायच्या आधी क्षणभर थांबायचं असतं, म्हणजे वरचीला हनुवटी आत घ्यायला वेळ मिळतो, आणि पाय सोडून देऊन दोघींनी एकाच वेळी खाली यायचं असतं. घाईने कलंडलं, की वरचीचं डोकं पुढे लोंबकळतं आणि सगळं वजन मानेत जातं. सातोमुरांच्या जुन्या लढती हळू गतीने पाहा. खांद्यावर घेतल्यावरचा तो अर्ध्या सेकंदाचा थांबा स्पष्ट दिसतो. प्रेक्षकाला तो दरारा वाटतो, वरच्या पैलवानासाठी तो विमा असतो.

आमचं मत विचाराल तर सातोमुरांची तीस वर्षं त्यांच्या गाजलेल्या लाथांमुळे टिकली नाहीत. पडण्यातल्या आणि पाडण्यातल्या या काटेकोरपणाने टिकली.

प्रश्न : एवढं शिकूनही अपघात का होतात?

तीन कारणं. थकवा, जुनी दुखापत लपवणं आणि राग.

थकव्यात मान सर्वांत आधी सैल होते. लढतीच्या विसाव्या मिनिटाला घेतलेला डाव म्हणूनच तिसऱ्या मिनिटापेक्षा धोक्याचा. जुनी दुखापत लपवण्याचं सर्वांत दुःखद उदाहरण प्लम मारिको यांचं आहे. जेडब्ल्यूपी या दुसऱ्या महिला कंपनीच्या या पैलवानाला आधीपासून डोक्याचा त्रास होता. ऑगस्ट १९९७ मध्ये हिरोशिमातल्या लढतीच्या शेवटी त्या बेशुद्ध झाल्या आणि दुसऱ्या दिवशी गेल्या, वय २९. मेंदूला एकदा हादरा बसल्यावर तो पुरता बरा होण्याआधी दुसरा बसला, तर साधा वाटणारा आघातही जीवघेणा ठरू शकतो. तेव्हा डोकं गरगरणं, मळमळ, लढतीतलं काही न आठवणं, यांतलं काहीही झालं तर रिंग बंद, हा नियम इच्छेवर सोडता येत नाही.

रागाचं उदाहरण फेब्रुवारी २०१५ चं. कोराकुएनमध्ये स्टारडमच्या लाल पट्ट्याची लढत चालू असताना दोघींमधला सहकाराचा धागाच तुटला, विजेती खरे ठोसे मारत राहिली आणि समोरचीच्या चेहऱ्याची हाडं मोडली. शेवटी बाहेरून टॉवेल टाकून लढत थांबवावी लागली. पट्टा काढून घेतला गेला, मार्चमध्ये काइरी होजोने तो जिंकला आणि जुलैमध्ये सातोमुरांनी तिच्याकडून घेतला. बाहेरच्या कंपनीतली, शब्दाला वजन असलेली पैलवान त्या वर्षी त्या पट्ट्याला लाभली, हे स्टारडमच्या पथ्यावर पडलं असं आम्हाला वाटतं. डिसेंबरमध्ये इओ शिराईने तो परत घरात आणला.

रोजच्या दुखापती वेगळ्याच : गुडघ्याचा पुढचा अस्थिबंध तुटणं (वर्षभर बाहेर), खांदा निखळणं, मानेच्या चकत्या सरकणं. गुडघा पडताना क्वचितच जातो. उडी मारून उतरताना, पाय चटईत रुतलेला आणि अंग वळलेलं, अशा वेळी तो जातो.

प्रश्न : पूर्वी पंचविसाव्या वर्षी निवृत्त व्हावंच लागायचं, हे खरं आहे का? का?

झेन्जोमध्ये तशी वहिवाट होती. त्याबरोबर तीन बंद्या : दारू नाही, सिगारेट नाही, पुरुष नाही. कारण सरळ व्यवहाराचं होतं. मुली पंधरा-सोळाव्या वर्षी येत. प्रेक्षक बहुतेक शाळकरी मुली. त्यांना आपल्याएवढीच किंवा थोडी मोठी ताई हवी असायची. जॅकी सातो आणि माकी उएदा यांच्या ‘ब्यूटी पेअर’पासून हे सुरू झालं, १९८० च्या दशकात चिगुसा नागायो आणि लायोनेस आसुका यांच्या ‘क्रश गॅल्स’नी ते शिगेला नेलं. २८ ऑगस्ट १९८५ ला ओसाकात नागायो डम्प मात्सुमोतोकडून हरल्या आणि अटीप्रमाणे रिंगमध्ये त्यांचे केस कापले गेले, तेव्हा सभागृहातल्या मुली हमसून रडत होत्या. असा प्रेक्षक असेल तर कंपनी दर काही वर्षांनी चेहरे बदलणारच. थोरल्यांचा पगारही वाढत जातो, तोही प्रश्न सुटतो.

नागायो १९८९ मध्ये, पंचविशीच्या आतच निवृत्त झाल्या. १९९३ मध्ये परतल्या आणि दोन वर्षांनी स्वतःची गाइया काढली. सातोमुरांना शिकवणारी बाई ही अशी होती : शिखरावर असताना घरी पाठवलेली. तिच्या शिष्येने ४५ व्या वर्षापर्यंत खेळावं, यात एक न्याय आहे. मानामी तोयोता यांनीही १९८७ ते २०१७ अशी तीस वर्षं काढली, आणि जॅग्वार योकोता तर साठी ओलांडूनही रिंगमध्ये उतरल्या. वहिवाट मोडली ती कुणी नियम रद्द केला म्हणून नाही. १९९० च्या दशकात प्रेक्षक बदलला, मोठी माणसं आणि पुरुष येऊ लागले. त्यांना ओळखीचे चेहरे हवे होते. झेन्जो १९९७ मध्ये आर्थिकदृष्ट्या कोसळली आणि कशीबशी चालत, गाइया मिटली त्याच महिन्यात, एप्रिल २००५ मध्ये बंद झाली.

प्रश्न : लाल पट्टा, पांढरा पट्टा हे काय प्रकरण आहे?

पट्ट्याच्या चामड्याचा रंग. झेन्जोचा मुख्य जागतिक पट्टा लाल होता, दुसरा पांढरा. २०११ मध्ये सुरू झालेल्या स्टारडमने तीच खूण ठेवली : ‘वर्ल्ड ऑफ स्टारडम’ लाल, ‘वंडर ऑफ स्टारडम’ पांढरा. लाल वरचा. पांढरा मात्र अनेकदा भावनिक लढतींसाठी लक्षात राहतो.

प्रश्न : या बायका कमावतात किती आणि कशातून?

आकडा कंपनीगणिक आणि नावागणिक बदलतो, पण स्रोत सगळीकडे तेच. काहींना मासिक पगार, बाकीच्यांना लढतीमागे मानधन. कंपनीशी न बांधलेल्या, फ्रीलान्स पैलवान पूर्ण मानधनावर. त्यावर तिकीटविक्री : अनेक छोट्या कंपन्यांत पैलवान स्वतः ओळखीच्या प्रेक्षकांना तिकिटं विकतात आणि त्याचा वाटा मिळतो. आणि सर्वांत महत्त्वाचं, कार्यक्रमानंतरचं टेबल. टी-शर्ट, सही केलेले फोटो, आणि ‘चेकि’, म्हणजे पैलवानाबरोबर काढलेला झटपट फोटो. दोन तास मार खाल्लेली बाई घामाने चिंब, गुडघ्याला बर्फ बांधून, शेवटच्या माणसापर्यंत हसत उभी असते. यालाही उकेमिच म्हणायला हवं.

छोट्या शहरात कंपनी चालवणं त्याहून जड. तोक्योत पैलवान, पंच, प्रेक्षक सगळं आगगाडीच्या अंतरावर. सेंदाईहून तोक्योला कार्यक्रम करायचा तर रिंग किंवा माणसं, काहीतरी साडेतीनशे किलोमीटर हलवावं लागतं. मोठी गंगाजळी पाठीशी असणं हाच यावर उपाय. स्टारडम २०१९ मध्ये बुशिरोडकडे गेली. पत्त्यांच्या खेळांची ही कंपनी आधीपासून न्यू जपान प्रो-रेसलिंगची मालक होती. सेंदाईमागे असं कुणी नव्हतं.

प्रश्न : जपानमधून डब्ल्यूडब्ल्यूईत गेल्यावर काय बदलतं?

रिंग तीच, घड्याळ वेगळं. जपानमध्ये रिंगबाहेर पडलेल्या पैलवानासाठी पंच सहसा वीसपर्यंत मोजतो, अमेरिकेत दहापर्यंत. म्हणजे बाहेरची हाणामारी निम्म्या वेळात आटपायची. लढतीच्या मध्ये जाहिराती येतात, तेव्हा महत्त्वाचा डाव त्या दोन-तीन मिनिटांत वाया घालवायचा नाही. मुख्य कॅमेरा एका बाजूला पक्का असतो, म्हणून तोंड त्या बाजूला राहील असं पडायला नव्याने शिकावं लागतं. जपानमध्ये चारही बाजूंच्या प्रेक्षकांसाठी लढायची सवय असते. आणि फटके हलके करावे लागतात. छातीवर सपकन बसणारी लाथ जपानी प्रेक्षक आवाजावरून ओळखतो. अमेरिकी टीव्हीवर तीच लाथ आठवड्याला दोनदा खायची सहकाऱ्याची तयारी नसते.

सातोमुरा तिथे खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी गेल्या, आणि सेंदाईची कंपनीही सोडली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये एनएक्सटी आणि एनएक्सटी यूके हे दोन पट्टे एक करण्याच्या लढतीत मँडी रोझकडे त्यांचा पट्टा गेला. त्यांच्या आधी बुल नाकानोने १९९४ मध्ये तोक्यो डोममध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफचा (डब्ल्यूडब्ल्यूईचं जुनं नाव) महिलांचा पट्टा जिंकला होता. नंतर आसुका (क्रश गॅल्समधली नव्हे, दुसरी) २०१८ ची पहिली महिला रॉयल रंबल जिंकून गेली. मधल्या काळात अमेरिकेची दारं जवळजवळ बंदच होती.

प्रश्न : निवृत्तीच्या वेळी घंटा का वाजवतात? आणि रिंगमध्ये रंगीत फिती फेकतात त्या प्रेक्षकांनी आणायच्या असतात का? पुढच्या वर्षी तोक्योला जाणार आहे, एखादा कार्यक्रम बघायचा विचार आहे.

दहा घंटांची प्रथा. दिवे मंद होतात, निवृत्त होणारी रिंगच्या मध्ये एकटी उभी राहते आणि घंटा सावकाश दहा वेळा वाजते. रिंगमध्ये आडवं पडल्यावर दहा मोजून बाद करतात, तोच आकडा इथे उभं असताना मोजला जातो. सभागृहात तेव्हा खोकलासुद्धा ऐकू येत नाही. मग निवेदक तिचं नाव शेवटचं पुकारतो आणि फितींचा पाऊस पडतो.

फिती प्रेक्षकच आणतात, आणि साध्या लढतीआधी नाव पुकारतानाही त्या फेकतात. कागदी फितीची गुंडाळी घ्यायची, पैलवानाच्या रंगाची. तो रंग तिच्या पोशाखावरून कळतो. आतली पुठ्ठ्याची नळी आधी काढून टाकायची. ही गोष्ट विसरू नका, नळीसकट फेकलेली गुंडाळी डोळ्यावर बसते. बाहेरचं टोक बोटांत घट्ट धरायचं आणि गुंडाळी वर, छताच्या दिशेने, कमान करून फेकायची. सरळ फेकली तर उलगडण्याआधीच पोचते. नेमकी वेळ म्हणजे निवेदक नाव पूर्ण उच्चारतो तो क्षण. आधी फेकलं तर ते अडाणीपणाचं दिसतं. काही कंपन्या किंवा सभागृहं फिती फेकू देत नाहीत, म्हणून दारावरची सूचना आधी विचारून घ्या.

कोराकुएनला जायचं तर सुइदोबाशी स्थानकावर उतरा, तोक्यो डोमच्या शेजारीच आहे. सभागृह पाचव्या मजल्यावर. वर जाताना लिफ्ट घ्या, पण उतरताना जिन्याने या : भिंती चाहत्यांच्या खरडींनी भरलेल्या आहेत, वर्षानुवर्षांच्या. आणि लढत सुरू होण्याआधी फिती गोळा करणाऱ्या मुलींकडे लक्ष ठेवा. पंच घंटेसाठी हात वर करेपर्यंत त्या चारी बाजूंनी कागद ओढून मिठीत घेऊन रिंगखाली उतरलेल्या असतात. त्या शिकाऊ असतात, आणि त्यांच्या कोपरांवर, दंडाच्या मागच्या बाजूला, थापेचे लाल वण असतात.